गोधड्यांचे दिवस

शाळेत आम्हाला तीन ऋतू शिकवले. आमच्या मळ्यात चौथाही होता. द्राक्षांच्या शेवटच्या गाड्या निघून गेल्या, कांदा उपटून शेतात पसरला, होळी झाली आणि दुपारी कुत्रीसुद्धा सावली सोडेनाशी झाली की तो सुरू व्हायचा, आणि कैऱ्या लोणच्याजोग्या होईपर्यंत चालायचा. पंचांगात त्याला नाव नाही. घरात मात्र सगळे त्याला 'गोधड्यांचे दिवस' म्हणायचे. आत्याला माहेरपणाचा निरोप जायचा तोही असाच, "गोधड्यांच्या दिवसांत ये." आणि ती यायची, येताना आपली फाटकी लुगडी-धोतरं पिशवीत कोंबून घेऊन यायची.

मखमलाबादच्या शिवारात आमचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, बांधाच्या कडेनं निशिगंध. फुलं अंधारात खुडायची आणि उजाडायच्या आत बाजारात पोचवायची, त्यामुळे दुपार सगळी मोकळी. लोक अशा दुपारी झोपतात. आमच्या घरातल्या बायका झोपायच्या नाहीत. झोपण्यासाठी लागणाऱ्या वस्तू त्या जागेपणी शिवत बसायच्या, आणि याचा विनोद कुणाच्या लक्षातही यायचा नाही.

यंदा मार्चमध्ये नाशिकच्या द्वारका चौकात अडकले होते. द्वारकेला अडकणं यात सांगण्यासारखं काही नाही, नाशिकचा माणूस आयुष्याचा बराचसा भाग तिथंच काढतो. एका ट्रकच्या मागे स्कूटर बंद करून उभी होते. समोर टायरच्या दुकानावरच्या गॅलरीत कुणीतरी गोधडी उन्हाला टाकली होती. रंग उडालेली, कठड्यावरून एक कोपरा खाली लोंबणारी. तो कोपरा वाऱ्यानं हलला आणि मला भर रस्त्यात रडू यायला लागलं. ट्रक पुढे सरकला तरी मी तिथंच. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला आणि शेवटी ओरडला, "ओ ताई, झोपल्या का?" मी स्कूटर चालू केली आणि ऑफिसला गेले. पण दिवसभर कामात लक्ष नव्हतं. घरी आल्यावर कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं जिजीचं गाठोडं बाहेर काढलं.

जिजी म्हणजे माझी आजी, बाबांची आई. घरात सगळेच तिला जिजी म्हणत, तिची सून असलेली माझी आईसुद्धा. ती गेली त्याला आता दीड वर्ष होत आलं. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी आत्यानं तिची पेटी उघडली. पैठणी आत्याकडे गेली, इरकली चुलतबहिणींमध्ये वाटली गेली, आणि तळाशी उरली ती रोजची सुती लुगडी. धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली, जागोजागी रफू केलेली, झेंडूच्या चिकानं पिवळे डाग पडलेली. आत्या म्हणाली, "ह्यांचं काय करायचं आता? फरशी पुसायला बरी हायेत." मी म्हणाले, मला द्या. कुणी हरकत घेतली नाही. घरातल्या वाटण्यांमध्ये असं एकमत मी तरी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही.

त्या गाठोड्यात एक हिरवं लुगडं होतं, पिवळ्या बारीक काठाचं. बाकीच्यांना पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास होता. हे मात्र पेटीतलं नव्हतं, शेवटच्या दिवसांत तिच्या खाटेवरच असायचं. त्याला तिचा वास होता. कापरासारखा, किंचित गोडसर, मागून कडवट. मी ते वेगळं काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं होतं. महिन्या-दोन महिन्यांनी कपाट उघडायचं, पिशवीची गाठ सोडायची, नाक आत घालायचं, लगेच गाठ मारायची. जास्त वेळ उघडी ठेवली तर वास उडून जाईल अशी भीती. नवरा हसायचा. "झालं का दर्शन?" विचारायचा. मी हो म्हणायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी ठरवलं, या लुगड्यांची गोधडी शिवायची. आणि हिरवं लुगडं पाठीला लावायचं. पाठ म्हणजे गोधडीची खालची अखंड बाजू, अंगाला लागणारी. तुकड्यांची रंगीत बाजू वर, लोकांना दिसायला. मला पाठच हवी होती. थंडीत ती गळ्यापर्यंत ओढून घ्यायची आणि जिजीच्या वासात झोपायचं, एवढी साधी इच्छा होती. त्याआधी मी आयुष्यात शिवलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे मुलीच्या गणवेशाचं बटण.

जिजी गोधडी घालायची तेव्हा, हो, आमच्याकडे गोधडी 'घालतात', तेव्हा फुलांच्या शेडमधली जमीन आधी झाडून, पाणी शिंपडून, वाळू द्यायची. मग पाठ अंथरायची. एकही सुरकुती राहता कामा नये. सुरकुती राहिली तर ती कायमची आत शिवली जाते आणि झोपणाऱ्याला रात्रभर टोचते. कापड सरकू नये म्हणून चार कोपऱ्यांवर वजन लागतं. ते वजन म्हणजे आम्ही नातवंडं. एकेका कोपऱ्यावर एकेकाला बसवायची आणि बजावायची, "हलायचं नाय. कोपरा पळंल." खाली गार जमीन, वर पत्रा तापलेला, शेडमध्ये पहाटेच्या फुलांच्या उरलेल्या पाकळ्या, आणि आम्ही वरवंट्यासारखे गप्प. मला मिनिटभरही बसवायचं नाही. "लय वळवळती ही पोरगी," जिजी आईला सांगायची, जणू मी आईनं मुद्दाम अशी बनवली होती.

आई तिच्या समोरच्या बाजूला बसायची. सासू एका काठाला, सून दुसऱ्या काठाला, आणि दोघी काठाकडून मध्याकडे शिवत यायच्या. बोलायच्या कमी. जिजीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. आईचाही बारीकच, पण तिला घाई असायची. चूल, गुरं, आम्ही. मग कुठेतरी टाका लांबायचा. जिजी बोटानं चाचपत आली की नेमकी तिथं थांबायची आणि म्हणायची, "जोडवं अडकंल." झोपेत पाय हलवताना बाईचं जोडवं लांब टाक्यात अडकतं आणि दोरा तुटतो, म्हणून टाका असा हवा की त्यात जोडवं शिरणार नाही. एवढं म्हणून जिजी आईची ती ओळ उसवून टाकायची. आई काही न बोलता पुन्हा घालायची. मला तेव्हा जिजीचा राग आला नाही. आईची दया आली असंही नाही. लहानपणी आपल्याला हे सगळं ऊन-पावसासारखं वाटतं, ते असतंच.

काठ मिटवत आणला की शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा. जिजी त्यातून भाकरीचा कोरडा तुकडा आत सरकवायची आणि मग कोपरा शिवायची. गोधडी उपाशी राहता कामा नये. उपाशी गोधडीत झोपलेल्याला रात्री भूक लागते, असं ती सांगायची. घास कुणी घालायचा यावरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. एकदा भावानं भाकरीऐवजी गूळ सरकवला आणि जून महिन्यात त्या गोधडीला लाल मुंग्या लागल्या. त्यावर जिजी एवढंच म्हणाली, "पोट भरलं तिचं. गोडाधोडाचं जेवली." ती गोधडी पुढे घरात मुंग्यांची गोधडी म्हणूनच ओळखली गेली.

तर शनिवारी गाठोडं स्कूटरला बांधून मळ्यावर गेले. आता तिथं आई आणि भाऊ राहतात. शेड गेली, तिथं भावाचं पॉलिहाऊस आलं. घराच्या मागच्या ओट्यावर मात्र दुपारची सावली अजून तीच आहे. मी पूर्ण तयारीनिशी गेले होते. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पुठ्ठ्याचा चौकोन कापून घेतला होता, त्यावर बेतून तुकडे कापायचे, सगळे सारखे. आईनं पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला.

"ही काय फरशी बसवतीस का?"

"सारखे तुकडे दिसायला छान दिसतात."

"लुगडं कुठं सारखं फाटतं?" ती म्हणाली. "जिथं विरलं तिथं सोडायचं, जिथं धड हाय तिथं घ्यायचं. मग तुकडा होईल तो तुकडा."

मी कात्री काढली तर तीही नको म्हणाली. तिनं एका लुगड्याच्या काठाला दातानं खाच दिली आणि दोन्ही हातांनी फाडलं. चर्र करून सरळ रेषेत गेलं. जिजी रोज अंगाला गुंडाळायची ते कापड. आईनं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मला काही फाडता येईना. मग मी नुसतं धरून बसायचं नि तिनं फाडायचं असं सुरू झालं. फाडताना ती प्रत्येक लुगडं ओळखत होती. हे मोठ्या पोळ्याला घेतलेलं. ह्याला रंगपंचमीला पंचवटीत रहाडीचा, त्या रंगाच्या हौदाचा, रंग लागला, तो कधी गेलाच नाही, जिजीला कुणी ढकललं नव्हतं, ती कडेला उभी राहून बघत होती, पण रहाडीत उडी मारली कुणी की कडेचाही भिजतो. ह्यावर तू शी केलीस. ह्यावर तुझ्या भावानं. मी म्हटलं, बरं, पुढचं सांग.

दुपार कलली तेव्हा मी प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. म्हणाले, "आई, हे पाठीला. आणि हे धुवायचं नाही हां. बाकी सगळं धू, उकळ, काय करायचं ते कर. ह्याला हात लावायचा नाही."

आईनं पिशवीकडे पाहिलं. गाठ सोडली नाही.

"न धुता गोधडीत घालत नसतात," ती म्हणाली.

"ह्याला जिजीचा वास आहे."

तिनं खाटेवर पिशवी ठेवली आणि आत चहा टाकायला गेली. मला वाटलं, पटलं तिला. आईच्या गप्प बसण्याचा अर्थ मी आयुष्यभर चुकीचा लावत आले आहे.

आठवडाभर ऑफिसात मी मनातल्या मनात शिवत होते. मीटिंगमध्ये समोरच्याच्या शर्टाच्या चौकडी बघून कुठला तुकडा कुठे बसेल ते ठरवत होते. रात्री झोपताना वाटायचं, आता फार दिवस नाहीत. अशी ओढ मला लग्न ठरलं तेव्हाही लागली नव्हती, हे नवऱ्याला सांगायचं नाही.

पुढच्या शनिवारी मळ्याच्या वळणावरूनच दिसलं. पाण्याच्या टाकीपासून पेरूच्या झाडापर्यंत दोरी, आणि दोरीवर अख्खं हिरवं लुगडं. पिवळा काठ उन्हात चमकत होता. मी स्कूटर तशीच टाकून धावले. कापड दोन्ही हातांनी तोंडाशी धरलं. साबण. साबण आणि ऊन. बाकी काही नाही. मी त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वास घेत गेले, काठाच्या शिवणीत, पदराच्या गाठीत, कुठेतरी राहिला असेल म्हणून. काही राहिलं नव्हतं.

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"का धुतलंस?" मी ओरडले. "सांगितलं होतं ना तुला? एवढं एकच होतं माझ्याकडे! तुम्ही सगळ्यांनी सगळं घेतलं, मी एक वास मागितला, तोही तुला बघवला नाही?"

आईनं सूप बाजूला ठेवलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही, आणि त्यानं मला जास्तच राग आला.

"बस," ती म्हणाली.

"नाही बसणार."

"मग उभ्यानं ऐक. तो जिजीचा वास नव्हता."

मी दोरीवरच्या लुगड्याकडे वळून पाहिलं.

"शेवटी शेवटी तिची पाठ सोलली होती," आई म्हणाली. "खाटेवर पडून पडून. एका कुशीवरनं दुसऱ्या कुशीवर करायचं म्हटलं तरी ओरडायची. मी करंजाचं तेल गरम करायचे, त्यात कापूर घालायचे, आणि लावायचे. सकाळी, संध्याकाळी. ते लुगडं तिच्या अंगाखाली असायचं, मऊ म्हणून. तेलाचा वास हाय तो. दुखण्याचा वास हाय. मला नाय तो घरात ठेवायचा, आणि तुझ्या अंगावर तर नायच नाय."

त्या वर्षी मी दर रविवारी भेटायला यायचे, खाटेजवळ बसायचे, वाकून जिजीच्या गालाला गाल लावायचे. तो वास तेव्हाच माझ्या नाकात बसला असणार. मी त्यालाच जिजी समजले.

"तिचा खरा वास तुला आठवत नाय का?" आईनं विचारलं. अगदी साधेपणानं विचारलं.

"कसा होता?"

"मिसरीचा," आई लगेच म्हणाली. "सकाळी दात घासून यायची तेव्हा मिसरीचा. आणि हाताला देठाचा. शेवंतीचा देठ खुडला की हिरवा, कडू वास येतो ना, तो. आंघोळ केली तरी जायचा नाय. मला नवीन लग्न झालं तेव्हा तो आवडायचा नाय. तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला की मी तोंड वळवायचे." तिनं सूप पुन्हा पुढे ओढलं. "आता येत नाय कुठून."

मी मागे वळून शेतात गेले. शेवंतीचा हंगाम केव्हाच संपला होता, बांधालगत पुढच्या लावणीसाठी राखलेली काही रोपं तेवढी होती. त्यातल्या एकाचा शेंडा खुडला, बोटांत चुरगळला, नाकाशी नेला. हिरवा, कडू वास आला. शेवंतीचा आला. मी डोळे मिटून खूप प्रयत्न केला की त्यामागून जिजी यावी, तिचा हात यावा, कपाळावरचं गोंदण यावं. पण तो नुसता शेवंतीचाच वास राहिला. मला तो आठवत नव्हता. आईला आठवत होता, मला नव्हता, आणि यावर काही उपाय नाही हे त्या बांधावर उभं राहून मला कळलं. खूप रडले. भावाचा गडी लांबून बघत होता, मग तो पाइप उचलून दुसरीकडे गेला.

परत आले तेव्हा आईनं ओटा झाडून हिरवं लुगडं दुहेरी करून अंथरलं होतं. कोपऱ्यांवर आता नातवंडं नसतात, म्हणून दोन पाटे, कुंडी आणि गव्हाचा डबा. त्यावर जुन्या चादरींचा थर, त्यावर फाडलेले वेडेवाकडे तुकडे. मी समोर जाऊन बसले. तिनं सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला.

"ओव. मला नेढं दिसत नाय आता."

मी ओवून दिली. मग माझी ओवली. एवढ्यावर ते भांडण मिटलं. आमच्याकडे भांडणं अशीच मिटतात, कुणी माफी मागत नाही, कुणीतरी सुई ओवायला देतं.

त्यानंतरचे शनिवार-रविवार कसे गेले कळलं नाही. काठाला लगटून पहिली ओळ, मग तिच्या आत दुसरी, मग तिसरी, गोल गोल आत. सुई वर, सुई खाली, ती उचलायची आणि दोरा ओढायचा. अंगठ्याला भोकं पडली, मग तिथं घट्टा झाला. माझे टाके बघून आई म्हणाली, "जोडवं अडकंल." मी म्हणाले, मी जोडवी घालत नाही. "मग घोरपड अडकंल," म्हणाली, आणि माझी ओळ उसवून टाकली. मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

बोटं चालू असली की माणूस एरवी न सांगितलेलं सांगतो. आई सांगत राहिली. शेवटच्या वर्षी जिजीला दिसेनासं झालं होतं, तेव्हा ती अंगावरच्या गोधडीवरून बोटं फिरवायची आणि तुकडे ओळखायची. ही तुझ्या सासऱ्याची बंडी. हा पोराचा पहिला सदरा. हे माझं बोहल्यावरचं. कधी कधी आई सांगायची, नाय हो जिजी, ते माझं लुगडं हाय. तेव्हा जिजी म्हणायची, "तुझं नि माझं काय येगळं राहिलंय का आता?" हे सांगताना आईचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"तुला आठवण येते तिची?" मी विचारलं. खरं तर मला वाटायचं, सुटली असेल आई. इतकी वर्षं जिजीच्या हाताखाली, मग जिजी तिच्या हाताखाली.

आईनं सुई कापडात घातली, ओढली.

"करमत नाय," ती म्हणाली. "नीट शिवलं काय, वाकडं शिवलं काय, बघायला कुणी नाय. एकदा मी मुद्दाम लांब टाका घातला. उशीच्या अभ्र्याला. आणि मग बसून राहिले."

मी तिच्या बाजूची ओळ बोटानं चाचपून पाहिली. टाके तांदळाएवढे होते. इतके बारीक, की जिजीचे आणि तिचे वेगळे ओळखू आले नसते. इतक्या वर्षांत कधीतरी ते तसे झाले असणार.

ऊन उतरणीला लागलं. आमच्या दोघींच्या ओळी मध्याजवळ येत चालल्या होत्या, त्यामुळे आम्हीही गोधडीच्या दोन्ही बाजूंनी आत सरकलो होतो, गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत. अर्धी गोधडी तिच्या मांडीवर, अर्धी माझ्या. पॉलिहाऊसवर चिमण्या बसल्या होत्या. लांब कुठेतरी कांद्याच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मला वाटत होतं की ही गोधडी संपूच नये. पुढच्या शनिवारी आणखी एक लुगडं शोधून काढावं, मग आणखी एक, आणि हे असंच चालत राहावं.

"चहा ठेवते," आई म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

तिच्याबरोबर गोधडीही उठली. गव्हाचा डबा लवंडला, पाटा धाडकन आपटला, आणि आई ओट्याच्या मध्यावर उभी, पुढे अख्खी गोधडी लोंबलेली. आधी तिलाही कळेना काय झालं. मग तिनं पदर ओढून पाहिला. पदर येईना. मांडीवरची गोधडी आणि तिच्या खाली सरकलेला पदर, दोन्ही तिनं मिळून शिवले होते, चांगली लांब ओळ, तांदळाएवढ्या टाक्यांची.

आई हसायला लागली. तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, खांदे गदगदत. जिजी गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसत होते. मग ती डोळे पुसत खाली बसली आणि म्हणाली, "सोडव आता मला."

मी कात्री घेतली आणि तिच्या मांडीशी वाकले. टाके उलट्या बाजूनं, पदराच्या आत होते. त्यासाठी पदर उचलून तोंड अगदी कापडाजवळ न्यावं लागलं. पदराला लसणाच्या फोडणीचा वास होता. एका टोकाला हात पुसून पुसून ओलसर झालेला, तिथं भांड्यांच्या साबणाचा. त्याखाली हळदीचा थोडा, खोबरेलाचा थोडा, आणि त्याखाली आणखी एक, ज्याला नाव नाही, उन्हात तापलेल्या माणसाचा. मी तो आत घेतला. पुन्हा घेतला. ह्या वेळी नीट लक्षात ठेवायचं, मी स्वतःला बजावत होते. नीट लक्षात ठेव.

"अगं, किती वेळ?" आईनं वरून विचारलं. "टाका सापडत नाय का?"

"नाही ना," मी म्हणाले.

टाका केव्हाच सापडला होता.